नव्याने धावणाऱ्यांसाठी बूट : तीन जोड वापरून पाहिल्यावर

माझ्या ओसरीवर धावण्याच्या बुटांचे तीन जोड उलटे करून ठेवले आहेत. पहिला जोड दोनशे दहा किलोमीटर धावला, दुसरा दोनशे चाळीस आणि तिसरा सहाशे चाळीस. तरीही सर्वांत वाईट अवस्था पहिल्याचीच आहे. त्याच्या वरच्या जाळीला करंगळीच्या जागी भोक पडले आहे आणि आतला सुकतळा, म्हणजे इनसोल, बाहेर काढला तर त्यावर डाव्या अंगठ्याने पाडलेला खळगा दिसतो. हा खळगा सुकतळ्याच्या अगदी टोकाला भिडलेला आहे, म्हणजे अंगठ्यापुढे बोटभरही जागा उरलेली नव्हती. ही खूण मी पहिल्या महिन्यातच पाहिली असती, तर त्या अंगठ्याचे नख दोनदा गळाले नसते. या तिन्ही जोडांचे परीक्षण लिहिताना माझा प्रयत्न एवढाच आहे की कोणते दुखणे बुटाने दिले आणि कोणते माझ्या घाईने, हे शक्य तितके वेगळे करून सांगावे, कारण नव्याने धावणारा माणूस सहसा दोन्हींचा दोष बुटावर टाकतो आणि मग आणखी महाग बूट घेतो.

मी साताऱ्यात राहते, शाळेत शिकवते आणि २०२२ च्या दिवाळीनंतर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी धावायला लागले. एरवी शाहू स्टेडियम आणि पोवई नाक्याच्या आसपासचे डांबरी रस्ते, आणि रविवारी यवतेश्वरचा घाट, असा माझा क्रम असतो. दरवर्षीच्या हिल हाफ मॅरेथॉनमुळे आमच्या गावात धावणाऱ्यांची वाण नाही. ती २१ किलोमीटरची शर्यत यवतेश्वर घाट चढून जाते आणि त्याच घाटाने उतरते, त्यामुळे दर पावसाळ्याच्या तोंडावर पहिल्यांदाच बूट घेणारे पुष्कळ लोक मला भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, की कोणत्या कंपनीचा घेऊ. कंपन्यांची आणि दुकानांची नावे मी येथे मुद्दाम देत नाही. कंपन्या तेच नाव कायम ठेवून त्यापुढचा आकडा दरवर्षी वाढवतात आणि आतला साचा, फोम, जाळी बदलत राहतात, त्यामुळे नावानिशी केलेली शिफारस वर्ष-दीड वर्षात शिळी होते. शिवाय माझ्या पायाला जे मानवले ते दुसऱ्याच्या पायाला मानवेलच असे नाही.

पहिला जोड मी दिवाळीच्या सवलतीत घरबसल्या मागवला. किंमत २,८०० रुपये, वजनाला हलका, दिसायला सुरेख. माप मी रोजच्या चपलेचे, म्हणजे पाच नंबरचे टाकले, आणि सर्वांत मोठी चूक तेथेच झाली. चपलेत बोटे पुढे मोकळी असतात, बुटात ती कोंडलेली असतात. त्यात धावताना पाय दर पावलाला थोडा पुढे सरकतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने थोडा सुजतोही. दोन-तीन किलोमीटर धावत होते तोवर तक्रार नव्हती. अंतर पाच किलोमीटरवर गेले तशी करंगळीच्या बाहेरच्या अंगाला फोड येऊ लागला, आणि घाट उतरायला लागल्यावर अंगठ्याचे नख आधी लाल, मग जांभळे आणि शेवटी काळे झाले. नख काळे पडते ते त्याच्याखाली रक्त साकळल्यामुळे. उतारावर शरीराचा भार पायाला बुटाच्या पुढच्या टोकाकडे ढकलतो आणि बोट तेथे शेकडो वेळा आपटते. तेथे रिकामी जागा नसेल तर दुसरे काही होणे शक्यच नाही. या दुखण्याचा दोष मी निःशंकपणे बुटाच्या मापाला देते.

नख दुसऱ्यांदा गळाल्यावर मी भिंतीला टाच टेकवून कागदावर उभी राहिले आणि मुलीला पेन्सिल सरळ धरून माझ्या पायाची आकृती काढायला लावली. डावा पाय २४.३ सेंटिमीटर निघाला, उजवा २३.८. चवड्याची रुंदी दोन्हीकडे ९.८. चाळिशी ओलांडेपर्यंत माझा एक पाय दुसऱ्याहून पाच मिलिमीटर लांब आहे हे मला ठाऊकच नव्हते. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात एका नंबराचे अंतर इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असते आणि अर्ध्या नंबराचे सव्वाचार. म्हणजे माझ्या दोन पायांत अर्ध्या नंबराहून अधिक फरक आहे आणि बूट नेहमी लांब पायाच्या मापानेच घ्यायला हवा.

रुंदीचा प्रश्न लांबीपेक्षाही अवघड आहे आणि तो एकट्या माझा नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची त्रिमितीय मोजणी केली. भारतीयांचे पाय सरासरीने युरोप-अमेरिकेतील लोकांच्या पायांपेक्षा रुंद असतात असे त्यातून दिसले आणि त्या आधारावर ‘भा’ नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. बाजारातले धावण्याचे बहुतेक बूट मात्र परदेशी साच्यांवर बेतलेले असतात. रुंद पायाचा माणूस मग जागा मिळावी म्हणून एक-दोन नंबर मोठा बूट घेतो. चवडा सुटतो, पण टाच मागे घसरू लागते, ती आवरायला नाड्या करकचून आवळाव्या लागतात आणि पावलाच्या वरच्या बाजूला दुखू लागते. यावर उपाय असा, की लांबी न वाढवता रुंदी वाढवून मागायची. स्त्रियांच्या बुटांत ‘बी’ ही नेहमीची आणि ‘डी’ ही रुंद. पुरुषांच्या बुटांत ‘डी’ ही नेहमीची, ‘टू-ई’ रुंद आणि ‘फोर-ई’ अतिरुंद. ही अक्षरे खोक्यावर किंवा जिभेच्या आतल्या पट्टीवर छापलेली असतात आणि तरीही दुकानात ती कोणी विचारत नाही.

पहिल्या जोडाच्याच काळात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, टाच दुखायला लागली. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेच्या तळाला, आतल्या अंगाला, खिळा टोचल्यासारखी कळ यायची. दहा-पंधरा पावलांनंतर ती ओसरायची, आणि शाळेत सलग दोन तास उभे राहून शिकवल्यावर पुन्हा डोके वर काढायची. माझी खात्री होती की स्वस्त बुटानेच हा घात केला आहे, आणि तो पिशवीत घालूनच मी फिजिओथेरपिस्टकडे गेले. बुटाकडे न पाहताच त्या म्हणाल्या, “मॅडम, बूट नंतर बघू. आधी गेल्या दोन महिन्यांत किती धावलात ते सांगा.” मोबाइलमध्ये सगळी नोंद होतीच. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बारा किलोमीटर, आणि तीनच आठवड्यांनी सव्वीस. मधल्या काळात मी एक दहा किलोमीटरची शर्यत धावले होते आणि त्या आनंदात अंतर दुपटीहून अधिक वाढवले होते.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायाखालून एक जाड, चिवट पट्टी गेलेली असते. पावलाची कमान तिच्यावर तोललेली असते आणि टाच उचलून पुढे झेपावताना ती धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जाते. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून पायावर येतो आणि एका किलोमीटरला प्रत्येक पाय पाचशेहून अधिक वेळा टेकतो. त्या पट्टीला झेपेल त्याहून वेगाने हे काम वाढले की ती टाचेच्या हाडाशी दुखावते. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. नव्या धावपटूची अडचण अशी असते की दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडे आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या त्याच वेगाने बळकट होत नाहीत, त्यांना महिने लागतात. छाती म्हणते आणखी दोन किलोमीटर जाऊ, आणि टाच त्याला तयार नसते. बूट सैल असता, महाग असता, तरी फेब्रुवारीतले ते दुखणे मला चुकले असते असे मला आता वाटत नाही.

अंतर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. तो अगदी अचूक आहे असे मात्र नाही. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगन येथे नव्याने धावणाऱ्यांवर केलेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात एका गटाला आठ आठवड्यांचा नेहमीचा आणि दुसऱ्याला तेरा आठवड्यांचा, सावकाश चढत जाणारा कार्यक्रम दिला होता. दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण दुखावलाच. म्हणून दहा टक्क्यांना मी दुखापत न होण्याची हमी मानत नाही, पण माझ्यासारखीने तीन आठवड्यांत बाराचे सव्वीस करू नयेत एवढा लगाम म्हणून तो नियम मला फार उपयोगी पडला. आता मी तीन आठवडे थोडे थोडे वाढवते आणि चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करते.

टाच बरी व्हायला पाच महिने लागले आणि त्यात सर्वांत जास्त गुण आला तो एका साध्या व्यायामाने. जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची म्हणजे बोटे वर वळलेली राहतात, आणि तीन सेकंदांत टाचा वर उचलून, दोन सेकंद थांबून, तीन सेकंदांत पायरीच्या पातळीखाली उतरवायच्या. हे दिवसाआड करायचे. जमू लागले की एका पायावर, आणि मग पाठीवर दप्तर घेऊन. बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवल्याने ठणका कमी होत असे, पण तो तात्पुरता आराम होता. घरात फरशीवर अनवाणी फिरणेही त्या काळात बंद केले.

अनवाणी चालण्याचा विषय निघाला की आमच्याकडे हमखास बारामतीच्या लता करे यांचे उदाहरण दिले जाते. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, मग तुम्हाला हजारोंचे बूट कशाला हवेत, असे मला दोघा-तिघांनी ऐकवले. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण कष्टात घडलेला तो पाय आणि वीस वर्षे फळ्यासमोर चपलेत उभा राहिलेला माझा पाय एक नव्हे. बूट काढून टाकायचे असतील तर तेही महिनोन्‌महिने, गवतावर, पाव-पाव किलोमीटरने वाढवत करावे लागते. पोटरी आणि टाचेमागची शीर यांवर त्याचा भार एकदम पडतो. पातळ तळाच्या, टाच आणि चवडा एकाच पातळीवर असणाऱ्या बुटांनाही हेच लागू आहे.

दुसऱ्या जोडाबद्दल थोडक्यात लिहिते. जून २०२३ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात विक्रेत्याने माझा ओला पाय कागदावर उमटवून घेतला, कमान सपाट आहे, पाय आत झुकतो, असे सांगितले आणि आतल्या कडेला कठीण फोमची पाचर बसवलेला, घोट्याला आत झुकू न देणारा बूट ६,२०० रुपयांना दिला. सगळा व्यवहार दहा मिनिटांत उरकला. लांबी बरोबर होती, रुंदी ठीक होती, पण बूट पहिल्या दिवसापासून पायाशी भांडत राहिला. प्रत्येक पावलाला पाय बाहेरच्या कडेवर लोटला जातो आहे असे वाटे आणि धावून आल्यावर घोट्याची बाहेरची बाजू भरून येई. “चार दिवसांत सवय होईल,” असे मला सांगण्यात आले होते. दोनशे चाळीस किलोमीटरनंतरही ती झाली नाही.

ओल्या पायाच्या ठशावरून बूट ठरवण्याची पद्धत दिसायला शास्त्रीय आहे, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते. अमेरिकेचे भूदल, हवाई दल आणि मरीन कोअर या तिन्हींत नव्याने भरती झालेल्यांवर हा प्रयोग झाला: एका गटाला तळपायाच्या ठेवणीनुसार वेगवेगळ्या प्रकारचे बूट दिले आणि दुसऱ्या गटात सरसकट सर्वांना एकाच प्रकारचे. दुखापतींत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नव्या धावपटूंना एकाच प्रकारचा साधा बूट देऊन वर्षभर पाहिले, तेव्हा पाय मध्यम प्रमाणात आत झुकणाऱ्यांना सरळ पायांच्या लोकांपेक्षा अधिक दुखापती झाल्या असे आढळले नाही. टाच टेकल्यावर पाऊल थोडे आत झुकणे ही मुळात धक्का पचवण्याची शरीराची स्वतःची सोय आहे. ज्यांचा पाय खरोखर फार झुकतो आणि दुखतोही, त्यांनी दुकानदाराऐवजी अस्थितज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी अनेक वर्षे बुटांचा अभ्यास करून असे मत मांडले की धावणाऱ्याने पायाला सर्वांत सुखावणारा बूट निवडावा, कारण शरीर आपल्या सोयीची चाल स्वतःच शोधत असते. हे मतही पूर्ण सिद्ध झालेले आहे असे नाही, पण माझ्या अनुभवाला ते जितके पटते तितके दुसरे काही पटत नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये माझ्या उजव्या नडगीने दुखायला सुरुवात केली. याचा दोष मी दुसऱ्या जोडाच्या माथी मारणार नाही. पाच महिन्यांच्या खंडानंतर मी पुन्हा धावू लागले होते, पावसामुळे मैदान सोडून काँक्रीटचा रस्ता धरला होता आणि घाटही लवकरच सुरू केला होता. येथे मात्र वाचकाने थोडे थांबावे, कारण नडगीचे आणि पावलाचे दुखणे दोन प्रकारचे असते आणि त्यांतला फरक कळणे बुटाच्या निवडीपेक्षा महत्त्वाचे आहे. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पट्ट्यात दुखत असेल, सुरुवातीला कळ येऊन अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ते सहसा आठवडा-दोन आठवडे अंतर आणि वेग उतरवल्यावर आटोक्यात येते. पण बोटाच्या टोकाने झाकता येईल एवढ्या एकाच जागी दाबल्यावर जीव कळवळत असेल, धावताना दुखणे वाढतच जात असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल आणि त्या पायावर एक उडी मारवत नसेल, तर हाडाला सूक्ष्म चीर गेल्याची शंका घ्यावी आणि त्या दिवसापासून धावणे थांबवावे. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टराने १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचे जे वर्णन केले, ते चवड्याच्या हाडांतील अशाच चिरेचे होते, हे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर स्पष्ट झाले. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये ही चीर बहुधा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून धावायला निघू नये. दुखणे तसेच असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात. स्त्रियांनी आणखी एक गोष्ट मनावर घ्यावी: धावणे वाढले आणि पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर शरीराला खाणे पुरत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो आणि त्या स्थितीत हाडे ठिसूळ होत जातात. हे डॉक्टरांना सांगायला संकोच करू नये. माझे दुखणे सुदैवाने पहिल्या प्रकारचे निघाले.

तिसरा जोड जानेवारी २०२४ मध्ये घेतला, आणि या परीक्षणात मनापासून कौतुक करण्याजोगे जे आहे ते येथे आहे. हेही दुकान पुण्यातच, लहानसे, एका गल्लीत. फोन केला तेव्हा दुकानातल्या वयस्क गृहस्थांनी सांगितले, “ताई, संध्याकाळी या, तेव्हा पाय फुगलेला असतो. जुने बूट आणि धावायचे मोजे बरोबर आणा.” गेल्यावर त्यांनी आधी जुने दोन्ही जोड हातात घेतले, तळ पाहिले, आत हात घातला. मग सरकत्या पट्टीच्या धातूच्या मापावर मला उभे करून दोन्ही पाय मोजले. हे माप अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात तयार केले होते आणि त्यात लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर अशा तीन गोष्टी कळतात. बसून मोजले तर पाय लहान भरतो, हे त्यांनी आवर्जून सांगितले.

त्यानंतर जे त्यांनी केले ते मी आता प्रत्येकाला करायला सांगते. नव्या बुटाचा सुकतळा बाहेर काढून जमिनीवर ठेवला आणि मला मोजे घालून त्यावर उभे राहायला लावले. त्यांनी दाखवलेल्या पहिल्या बुटाच्या सुकतळ्यावरून माझी करंगळी जवळजवळ अर्धी बाहेर लोंबत होती. “बघा, हे बोट रोज जाळी फाडणार,” असे म्हणून त्यांनी तो बूट पायात घालूही न देता खोक्यात परत ठेवला. दुसऱ्याची रुंदी पुरली, पण अंगठ्यापुढे जेमतेम पाच मिलिमीटर उरले. तिसऱ्यावर पाऊल पूर्ण मावले आणि लांब पायाच्या अंगठ्यापुढे त्यांच्या अंगठ्याची रुंदी बसली. तो बूट सहा नंबरचा, ‘डी’ रुंदीचा होता. म्हणजे पहिल्या जोडाच्या काळात मी एक नंबर लहान आणि एक रुंदी अरुंद बूट घालून घाट उतरत होते. त्यांनी मला नाड्या बांधून दुकानाच्या पायऱ्या चार-पाच वेळा उतरायला लावल्या, अंगठा पुढे टेकतो का विचारले आणि मग गल्लीत टोकापर्यंत धावून यायला सांगितले. एकूण चाळीस मिनिटे गेली. घालून पाहिलेला तो नुसता नमुना होता, विकायला माझ्या मापाचा जोड शिल्लक नव्हता, तो मागवायला बारा दिवस लागले आणि त्यासाठी पुन्हा पुण्याची खेप पडली. या सेवेतली ही एकच उणीव. रुंद मापे दुकानात साठवली जात नाहीत, कारण ती कोणी मागत नाही, आणि कोणी मागत नाही, कारण ती असतात हे ठाऊक नसते.

बूट साधा आहे. आत कार्बनची पट्टी नाही, पाचर नाही. टाचेखाली तळाची जाडी ३४ मिलिमीटर, चवड्याखाली २४, म्हणजे टाच दहा मिलिमीटर उंच. वजन एका पायाचे २५५ ग्रॅम. किंमत ८,९०० रुपये. रस्त्यावरील शर्यतींसाठी जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने तळाच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घातली ती वेगवान धावपटूंच्या कार्बन पट्टीच्या बुटांमुळे; तसले बूट आठवड्याला वीस किलोमीटर सावकाश धावणाऱ्याने घेण्याचे कारण नाही, ते लवकर झिजतात आणि उंच, मऊ तळावर घोटा डगमगतो. टाचेची कडा पक्की आहे, जाळी चवड्यापाशी ताणली जाते आणि नाड्यांचे शेवटचे भोक जवळच दिलेले असल्यामुळे टाच जखडणारी गाठ नीट बसते. ही गाठ अशी बांधायची: दोन्ही बाजूंना शेवटच्या दोन भोकांतून नाडी त्याच बाजूला ओवून लहान फास ठेवायचा, मग उजवी नाडी डाव्या फासातून आणि डावी उजव्यातून काढून खाली आणि मागे ओढायची. उतारावर पाय पुढे सरकणे त्यामुळे खरोखर कमी होते. घाटाचे पंधरा उतार झाले, नखे सगळी जागेवर आहेत.

उणिवाही आहेत. पावसात जाळी पाणी धरते आणि बूट जड होतो. शेवाळलेल्या दगडावर तळ घसरतो, म्हणून यवतेश्वरच्या पुढे कासच्या बाजूला मातीच्या वाटा लागल्या की मी चालते. तेथे खोल खाचांच्या तळाचा वेगळा बूट हवा. ओला बूट उन्हात किंवा हीटरजवळ ठेवला तर फोम आणि गोंद दोन्ही खराब होतात. सुकतळा काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, तासाभराने बदलावेत आणि पंख्याखाली ठेवावा. साताऱ्याच्या जुलैमध्ये तरीही दुसऱ्या सकाळपर्यंत तो कोरडा होत नाही. सुती मोज्यांनी मला याही बुटात फोड आले, कारण ते घाम आणि पाणी धरून ठेवतात. कृत्रिम धाग्याचे पातळ मोजे घेतल्यावर ते थांबले.

पैशाचा हिशेब मांडून पाहिला. पहिला जोड किलोमीटरला सव्वातेरा रुपयांना पडला, दुसरा जवळजवळ सव्वीस रुपयांना आणि तिसरा आजवर सुमारे चौदा रुपयांना. आणखी शंभर किलोमीटर झाले की तो बारा रुपयांवर येईल. अशा बुटांचे आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर सांगितले जाते आणि सहाशेनंतर मला फोम थोडा कडक लागू लागला आहे. तळावर टाचेची बाहेरची कडा झिजली आहे, पण दोन्ही पायांवर सारखी. ज्याला ८,९०० रुपये जड वाटतात त्याने निराश होऊ नये. चार हजारांच्या आसपास साधे, पुरेशा गादीचे बूट मिळतात, आणि पायात नीट बसणारा चार हजारांचा बूट न बसणाऱ्या पंधरा हजारांच्या बुटाहून चांगला. फॅशनचे बूट, किंवा जिममध्ये वजने उचलण्याचे सपाट बूट धावण्यासाठी वापरू नयेत, एवढे मात्र पाळावे.

लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंची जी पाहणी झाली, तिच्यात एकाहून अधिक जोड आलटूनपालटून वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्याचे दिसले. दोन जोड घेणारे लोक मुळातच अधिक काळजी घेणारे असतील, असेही असू शकते. पण पावसाळ्यात एक जोड पंख्याखाली असताना दुसरा लागतोच, म्हणून मी गेल्या आठवड्यात त्याच दुकानात फोन करून सहा नंबर, ‘डी’ रुंदीचा साधा बूट मागवून ठेवायला सांगितले आहे. साचा बदललेला असू शकतो, तेव्हा सुकतळ्यावर उभे राहिल्याशिवाय पैसे देणार नाही, असे सांगितले, तर ते म्हणाले, “ताई, तुम्ही नाही म्हणालात तरी मी उभे करणारच.”